वातस्फीती : न सुटणारा श्वास

आपल्याकडे कोणाला धाप लागली की त्याला ‘दमा’ म्हणून आपण मोकळे होतो. ज्याने आयुष्यभर विडी ओढली त्याचाही दमा, आणि जिने चाळीस वर्षे चुलीपुढे बसून भाकरी भाजल्या तिचाही दमाच. पण दम्यात श्वासनलिका काही काळ आकसतात आणि बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. आज ज्या विकाराचा विचार करावयाचा आहे त्यात फुप्फुसाची घडणच मोडते, आणि मोडलेले पुन्हा सांधत नाही. या विकारास ‘वातस्फीती’ म्हणतात. स्फीती म्हणजे फुगणे.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अत्यंत पातळ असून त्यांतून रक्तकेशिकांचे जाळे पसरलेले असते. प्राणवायू रक्तात शिरतो आणि कर्बवायू बाहेर पडतो तो या भिंतींतूनच. या सर्व भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. दहा लहान खोल्यांचे घर सारवावयाचे असेल तर किती माती लागते हे गृहिणींना ठाऊक आहे. मधल्या भिंती पाडून त्याच घराचे एक मोठे दालन केले तर जागा तेवढीच राहते, पण सारवण्याच्या भिंती फार कमी होतात. वातस्फीतीत नेमके हेच घडते. मधल्या भिंती नष्ट होऊन अनेक लहान कोशांची एकेक मोठी पोकळी बनते. छाती हवेने भरलेली असते, परंतु रक्ताला ती हवा भेटण्याची जागाच उरत नाही.

दुसरी हानी याहून त्रासाची आहे. या भिंतींत रबरासारखे लवचीक तंतू असतात. आपण श्वास घेतो तो स्नायूंच्या बळावर, पण एरवी सोडतो तो या तंतूंच्या आपोआप आकसण्याने. शिवाय हेच तंतू बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. ते तुटले की श्वास सोडतेवेळी नलिका मिटतात आणि हवा आतच कोंडते. लोहाराचा भाता उघडावा पण पुरता मिटू नये, तशी ही अवस्था होय. तिचा अनुभव निरोगी माणसास घेता येतो. छाती भरून श्वास घ्यावा, थोडासाच सोडावा, आणि त्यावरच पुन्हा दोनतीन श्वास घेऊन पाहावेत. क्षणभरात जीव घाबरा होतो. रोग्याला दिवसरात्र असेच जगावे लागते.

स्टेथोस्कोपचा जनक फ्रेंच वैद्य लायनेक याने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. शवविच्छेदनात छाती उघडली की निरोगी फुप्फुसे मिटतात. या रोग्यांची मात्र फुगलेलीच राहतात, हे त्याने टिपले होते. मात्र भिंती का मोडतात हे कळू लागावयास १९६३ साल उजाडावे लागले. स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांना असे आढळले की, काही व्यक्तींच्या रक्तात एक संरक्षक प्रथिन जन्मतःच फार थोडे असते आणि त्यांना हा विकार लवकर जडतो. पुढे उलगडा झाला तो असा : धूर आत गेला की त्याचा प्रतिकार करण्यास पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि लवचीक तंतू पचविणारे द्रव्य सोडतात. संरक्षक प्रथिन त्याला आवर घालते; पण धूर रोजचाच झाला की त्याचे बळ अपुरे पडते.

परिणाम केवळ छातीपुरते राहत नाहीत. श्वासपटल दबून सपाट होते, छाती पिंपासारखी गोल दिसू लागते. श्वासाच्या श्रमांतच शक्ती खर्च होऊन माणूस वाळत जातो. पोटभर जेवले तरी धाप लागते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या घटल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पुढे पायांवर सूज चढते.

हा केवळ विडी-सिगारेटचा रोग आहे असा समज दीर्घकाळ होता. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या विकारांचे — वातस्फीती त्यांपैकीच एक — २५ ते ४५ टक्के रोगी कधीही धूम्रपान न केलेले असतात. जगात त्या वेळी धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी होते, तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. भारतात या विकारांचे रोगी १९९० साली २ कोटी ८१ लाख होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज आहे.

पांझरेकाठच्या पिंपळनेरला आणि भोवतालच्या पाड्यांना हे आकडे परके वाटू नयेत. जेथे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक होतो, तेथे त्या धुराचा सर्वांत मोठा वाटा घरातील स्त्रीच्या छातीत जातो. तिने विडीला कधी स्पर्शही केलेला नसतो, म्हणून तिच्या धापेची शंका कोणास येत नाही. ‘आता वय झाले’ एवढेच तिला ऐकावे लागते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली व अनेक घरी गॅस आला. परंतु सिलिंडर संपल्यावर दुसरा घेण्याची ऐपत नसली की चूल पुन्हा पेटतेच.

निदान कठीण नाही. स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात जोराने फुंकावयाचे. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्याच सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, आणि औषध ओढल्यावरही तेच दिसले, तर श्वासमार्गात कायमचा अडथळा आहे असे समजतात. मोडलेल्या भिंती पुन्हा उभारील असे औषध आज नाही. मात्र पंपाने ओढावयाच्या औषधांनी नलिका शक्य तेवढ्या मोकळ्या होतात. त्यांचे ‘व्यसन’ लागते ही भीती निराधार आहे. ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे, झेपेल तेवढे नियमित चालणे, थोडे थोडे जेवणे, आणि इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाविरुद्धच्या लसी यांचाही उपयोग होतो. रक्तातील प्राणवायू फारच उतरला असेल तर दिवसाचे १५ तास वा अधिक प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ मधील अमेरिकन व ब्रिटिश प्रयोगांनी सिद्ध केले.

यापेक्षाही मोलाची गोष्ट फ्लेचर व पीटो यांनी १९७७ साली दाखविली. धूम्रपान सोडल्याने गेलेली शक्ती परत येत नाही. पण पुढील घसरण निरोगी माणसाच्या गतीइतकी मंद होते. म्हणजे ‘आता सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाला पन्नाशीत व साठीतही उत्तर आहे : उरलेले वाचविण्याचा उपयोग. विडी टाकणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. चूल मात्र एकट्या बाईला टाकता येत नाही. तिच्या स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणे हे साऱ्या घराचे काम आहे. धुराडे, उघडी खिडकी किंवा भरलेला सिलिंडर, ज्याला जे परवडेल त्याने ते करावे. आणि तिला धाप लागू लागली असेल तर वयाला बोल न लावता तिची तपासणी करून घ्यावी.