तारापूर नेमकं कुठे? मोबाईल ॲपमध्ये नकाशा बसवताना

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी ग्रुप असा निघतोच, ज्यांच्या ॲपमध्ये नकाशा असतो. कुणाला टिफिनवाले दाखवायचे असतात, कुणाला शेअर रिक्षाचे स्टँड, तर कुणाला इंटर्नशिप देणाऱ्या एमआयडीसीतल्या कंपन्या. "नकाशाचं काय, लायब्ररी टाकली की झालं!" असं म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मित्रांनो, लायब्ररी खरोखरच दहा मिनिटांत बसते. पण तो नकाशा येतो कुठून, त्यावरची नावं कुणी लिहिली आणि नेट गेलं तर काय, हे प्रश्न दहा मिनिटांचे नाहीत. आणि आपल्या पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात तर ते जरा जास्तच अवघड आहेत.

आता तारापूरच घ्या ना. हा एक शब्द आपल्याकडे निदान तीन जागांसाठी वापरला जातो. एक, चिंचणीजवळचं मूळ तारापूर गाव, जिथला पोर्तुगिजांचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. दुसरं, तारापूर अणुऊर्जा केंद्र, १९६९ पासून वीज देणारं, देशातलं पहिलं. ते गावाच्या दक्षिणेला समुद्रकाठी आहे. आणि तिसरी तारापूर एमआयडीसी, जी नावाने तारापूरची असली तरी उतरायचं मात्र बोईसर स्टेशनला! त्यातून सर्चमध्ये नुसतं 'तारापूर' टाकलं तर गुजरातच्या आणंद जिल्ह्यातलं तारापूरसुद्धा समोर येऊ शकतं.

हे वाचून हसू येतं, पण नेहमीच नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बोईसरजवळ कोळवडे इथल्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. बातम्यांमध्ये त्याच जागेला कुणी पालघर म्हणत होतं, कुणी बोईसर, कुणी तारापूर. ज्यांच्या घरचं माणूस त्या वेळी ड्युटीवर असतं, त्यांच्यासाठी या तीन नावांत फार अंतर असतं. म्हणून नकाशावर खूण करताना नावावर नाही, अक्षांश-रेखांशावर विसंबायचं. तिथूनच आपला विषय सुरू होतो.

क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत आहे, पण इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासाठी दोन वेगवेगळे प्रोग्रॅम न लिहिता एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडे चालवायचं. फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह २०१५ साली आलं, गूगलचं फ्लटर २०१८ च्या डिसेंबरात १.० झालं. आपल्याकडे सध्या फ्लटरची चलती दिसते, म्हणून उदाहरणं त्यातलीच देते.

फ्लटरमध्ये दोन रस्ते आहेत. पहिला गूगलच्या नकाशाचा. त्याचं पॅकेज गूगलच देतं, नकाशा सुंदर दिसतो, पण त्यासाठी एपीआय की लागते आणि की मिळवायला गूगल क्लाउडवर बिलिंग अकाउंट उघडावं लागतं. म्हणजे ग्रुपमध्ये पहिला वाद तांत्रिक नसून "कार्ड कुणाच्या बाबांचं द्यायचं?" हा होतो! की मिळाली की अँड्रॉइडमध्ये ती मॅनिफेस्ट फाईलमध्ये आणि आयफोनसाठी ॲपडेलिगेटमध्ये टाकायची. तसेच तिच्यावर बंधन घालायचं, म्हणजे ती फक्त आपल्या पॅकेजचं नाव आणि सर्टिफिकेटचा एसएचए-१ ठसा जुळला तरच चालेल. की उघडीच ठेवून कोड गिटहबवर टाकला, तर दुसरं कुणीतरी ती वापरणार आणि बिल आपल्याला.

इथे एक खड्डा आहे. लॅपटॉपवरून चालवताना नकाशा मस्त दिसतो, पण प्ले स्टोअरवरून उतरवलं की नुसता करडा पडदा आणि कोपऱ्यात गूगलचा लोगो. कारण प्ले स्टोअरसाठी ॲपवर सही होते ती दुसऱ्या सर्टिफिकेटने, आणि त्याचा ठसा आपण की च्या यादीत घातलेला नसतो. प्ले कन्सोलमध्ये तो ठसा मिळतो, तो नेऊन यादीत घालायचा. एवढंच.

दुसरा रस्ता फ्लटर मॅप नावाच्या पॅकेजचा (लिहिताना मध्ये अंडरस्कोर). वेबवरच्या लीफलेट या प्रसिद्ध लायब्ररीच्या धर्तीवर हे बनलं आहे. याला की लागत नाही, कारण याच्याकडे स्वतःचा नकाशाच नाही! ही नुसती चौकट आहे. चित्र कुठून आणायचं ते तुम्ही सांगायचं. प्रोजेक्टसाठी मला हाच रस्ता बरा वाटतो, कारण यात काय चाललंय ते कळतं, आणि व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी विचारलं तर सांगता येतं.

बसवायचं कसं? टर्मिनलमध्ये 'फ्लटर पब ॲड' म्हणून फ्लटर मॅप आणि लॅटलाँग-२ ही दोन पॅकेजेस घ्यायची; पबस्पेक फाईलमध्ये त्यांची नोंद आपोआप होते. मग स्क्रीनवर फ्लटरमॅप हे विजेट ठेवायचं, त्याच्या ऑप्शन्समध्ये सुरुवातीचा मध्यबिंदू आणि झूम द्यायचा, आणि त्याच्या पोटात थर रचायचे: सगळ्यात खाली टाईल लेयर, त्यावर रस्त्यांच्या रेघा, त्यावर मार्कर. थर ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने ते एकावर एक बसतात. मार्कर आधी लिहिले तर ते नकाशाखाली गडप! हे विजेट कॉलममध्ये ठेवणार असाल तर एक्स्पांडेडमध्ये गुंडाळा, नाहीतर उंची किती ते त्याला कळत नाही आणि लाल अक्षरांची एरर येते.

आणखी एक. फ्लटरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी डीबगपुरती दिलेली असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. त्यामुळे महिनाभर चाललेलं ॲप नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री, रिलीज एपीके बनवली की, कोरा नकाशा दाखवतं. एक ओळ घातली की काम होतं, पण ती कुठे घालायची हे शोधण्यात रात्र जाते.

आता टाईल म्हणजे काय ते बघू, कारण इथे खरी गंमत आहे. अख्खा नकाशा एकदम येत नाही, चौकोनी फरश्यांसारखा तुकड्यातुकड्यांनी येतो. झूम शून्य असताना सगळं जग २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका फरशीत असतं. झूम एकने वाढला की प्रत्येक फरशीच्या चार होतात. झूम १५ ला आडव्या ३२,७६८ आणि उभ्याही तितक्याच, म्हणजे एकूण १०७ कोटींहून जास्त! त्यातली आपली कोणती? बोईसरसाठी अक्षांश १९.८० आणि रेखांश ७२.७५ धरा. रेखांशात १८० मिळवा, ३६० ने भागा आणि ३२,७६८ ने गुणा. उत्तर येतं २३,००५.८७, अपूर्णांक टाकला की फरशीचा आडवा नंबर २३,००५. अक्षांशाच्या सूत्रात लॉगॅरिदम येतो, ते एम-थ्रीवाल्यांनी करून बघावं. उभा नंबर १४,५४४ आला पाहिजे. ॲप सर्व्हरकडे मागणी करतं ती एवढीच: १५, २३००५, १४५४४. आपल्या अक्षांशावर या झूमची एक फरशी साधारण १.१५ किलोमीटरची, म्हणजे पालघर ते बोईसर सुमारे दहा फरश्या.

अक्षांश आधी की रेखांश आधी, हा दुसरा मोठा खड्डा. लॅटलाँग-२ मध्ये नावाप्रमाणेच अक्षांश आधी. पण जिओजेसन नावाच्या फाईलमध्ये, ज्यात बहुतेक तयार डेटा मिळतो, रेखांश आधी असतो. आकडे तसेच उचलले तर १९.७०, ७२.७७ चं पालघर उलटं होऊन नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. मार्कर दिसत नसेल तर झूम आउट करून आधी तिथे शोधा.

टाईल द्यायची कुणी? बहुतेक ट्यूटोरिअलमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा पत्ता दिलेला असतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. त्याचा डेटा मोफत आणि खुला आहे, पण त्यांचे टाईल सर्व्हर देणग्यांवर चालतात, आणि त्यांचे नियम आहेत. ॲपने स्वतःची ओळख सांगायची (टाईल लेयरमध्ये यूजर एजंटसाठी पॅकेजचं नाव द्यायची सोय आहे, ती रिकामी ठेवू नका), नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय दाखवायचं, आणि फरश्या घाऊक उतरवून ठेवायच्या नाहीत. नियम मोडले तर ते बंद करू शकतात, आणि त्यांनी का म्हणून करू नये?

हे घाऊकचं प्रकरण आपल्याला लागू होतं. एनएसएसचं शिबिर जव्हार-मोखाड्याकडे गेलं की रेंज कुठे असते आणि कुठे नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे ऑफलाइन नकाशाच हवा. आणि फरश्या किती लागतील? वीस बाय वीस किलोमीटरच्या पट्ट्याला झूम १५ ला सुमारे ३००, झूम १६ ला १,२००, झूम १७ ला ४,८००. प्रत्येक पायरीला चौपट. म्हणून कुणाचा सर्व्हर ओरबाडण्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ डेटा उतरवून स्वतः फरश्या बनवाव्यात आणि एमबीटाईल्सच्या एकाच फाईलमध्ये ॲपसोबत द्याव्यात. त्या फाईलमध्ये उभे नंबर खालून मोजतात बरं का. आपला १४,५४४ तिथे १८,२२३ होतो. ते न उलटवता वाचलं तर बोईसरच्या जागी मॉरिशसच्या पूर्वेचा हिंदी महासागर येईल.

एक कायदेशीर मुद्दाही आहे. ओपनस्ट्रीटमॅप देशांच्या सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे काढतो. आपल्याकडे मात्र सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा प्रमाण. त्यावर सोपा उपाय म्हणजे किमान झूम १० ठेवायचा आणि कॅमेरा पालघर जिल्ह्याच्या चौकटीत अडकवायचा. तसंही आपल्या ॲपला काश्मीर काय किंवा कन्याकुमारी काय, दोन्हीची गरज नसते. बाकी १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही, पण संवेदनशील गोष्टींबाबत बंधनं आहेतच. अणुऊर्जा केंद्राच्या कंपाउंडमध्ये मार्कर लावण्याचा उत्साह नको.

आता नावं. एमआयडीसीतला पत्ता प्लॉट नंबरचा असतो, 'जे' अमुक, 'एन' तमुक. ते तयार नकाशावर फार थोडे सापडतात, म्हणून तो थर स्वतः बनवावा लागतो. फाटकासमोर उभं राहून फोनवर जीपीएस बघायचं आणि टिपायचं. लोकेशनची परवानगी देताना 'अचूक' निवडा. अँड्रॉइड १२ पासून 'अंदाजे' असाही पर्याय आहे, आणि तो अंदाज तीनेक चौरस किलोमीटरचा असतो. तेवढ्यात तुम्ही रुळांच्या पश्चिमेला एमआयडीसीत आहात की पूर्वेला चिल्हार रोडवर, हेसुद्धा ठरत नाही.

गावांची नावं त्याहून नाजूक. अणुऊर्जा केंद्राचं तिसरं आणि चौथं युनिट २००५-०६ मध्ये सुरू झालं. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि दुसरीकडे वसवली गेली. म्हणजे कागदोपत्री जुन्या नकाशातलं पोफरण एका जागी आणि माणसं दुसऱ्या जागी. ॲपने रिक्षावाल्याला कुठे पाठवायचं? जिल्ह्यातल्या पाड्यांचं तर विचारूच नका. आदिवासी पाडे नकाशावर पुष्कळदा नुसती चार घरं म्हणून दिसतात, नाव नाही. नाव नाही म्हणजे सर्चमध्ये नाही, आणि सर्चमध्ये नाही म्हणजे १०८ ची गाडी बोलावताना "त्या चिंचेच्या झाडापासून डावीकडे" असंच सांगावं लागणार.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे आपणच भरू शकतो. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. फोनवरून करायचं तर अँड्रॉइडवर वेस्पुची नावाचं ॲप आहे. फक्त गूगलच्या नकाशावरून बघून उतरवायचं नाही, ती कॉपी होते आणि परवाना ती चालवून घेत नाही. तिथे जाऊन, राहणाऱ्यांना विचारून, ते म्हणतात तसंच लिहायचं. नावासाठी एक रकाना असतो आणि मराठी नावासाठी वेगळाही असतो. ॲपमध्ये मराठी नावंच दाखवायची असतील तर चित्राच्या फरश्या सोडून व्हेक्टर फरश्या आणि मॅपलिब्रेसारखी लायब्ररी घ्यावी लागेल. पण त्याआधी 'चिंचणी' असं लिहून आपल्या फोनवर बघा. पहिली वेलांटी 'च' च्या आधी बसली तर ठीक. देवनागरी नीट जुळवणं या इंजिनांना बरीच वर्षं जमत नव्हतं, त्यामुळे कोणती आवृत्ती वापरताय त्यावर सगळं आहे.

नाव भरल्यावर मूळ नकाशात ते बहुधा काही मिनिटांत दिसायला लागतं. तुमच्या ॲपमध्ये दिसलं नाही तर घाबरू नका. फोनने जुनी फरशी कॅशेत साठवून ठेवलेली असते. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅशे साफ करा आणि पाड्यावर पुन्हा झूम करा.