वेगाची धग

खराडीतल्या आमच्या घरात एप्रिलची दुपार म्हणजे भट्टीच. अशाच एका दुपारी भाषांतराचा शेवटचा भाग पाठवायचा असताना माझा सहा वर्षांचा लॅपटॉप रखडू लागला. पंखा घोंघावत होता, टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागत होता. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "प्रोसेसर जुना झाला, नवीन मशीन घ्या." प्रश्न चाळीस-पन्नास हजारांचा होता, म्हणून आधी दुखणं समजून घ्यायचं ठरवलं.

2 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 2 अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्याला ट्रान्झिस्टरांची उघडझाप होते, त्यात वीज खर्च होते आणि ती अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. हा खर्च ठोक्यांच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. मेख इथेच आहे. उलट दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवले, तर 0.8 चा घन, म्हणजे खर्च जवळपास निम्म्यावर येतो. काम मात्र सव्वापट वेळ घेतं. बॅटरीबचतीमागचा हिशेब हाच.

ट्रान्झिस्टर लहान करत नेले की व्होल्टेजही उतरवता येतं, हे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलं. त्या बळावर वेग वाढत गेला. पुढे व्होल्टेज आणखी उतरेना, बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. 2004 मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडला. मग एका चिपवर अनेक गाभे बसवण्याची वाट रुळली.

उष्णतेतून थोरामोठ्यांचीही सुटका नाही. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात प्रोसेसरला भिडलेल्या पट्ट्यांतून द्रव फिरवून उष्णता काढून नेतात. माझ्या लॅपटॉपकडे एकच पंखा, आणि मी तो गादीवर ठेवून गुदमरवलेला.

तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग तोडतो. बचतीतला संथपणा आपण निवडलेला असतो, हा नाइलाजाचा. पंखा जोरात असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. मी तापमान पाहिलं : 97 अंश. खोलून घेतल्यावर जाळीत इथल्या अखंड बांधकामांची धूळ नमद्यासारखी बसलेली निघाली. ती काढली, वाळलेली उष्णतावाहक पेस्ट बदलली, लॅपटॉप टेबलावर आला.

भाषांतर दोन दिवस उशिरा गेलं. हा लेख मात्र त्याच लॅपटॉपवर लिहिला आहे.