फ्रिज मॅग्नेट आणि हिमरूचा तुकडा

झरीसारख्या गावातून आम्ही कापडवाले औरंगाबादला (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) माल पाहायला जातो, तेव्हा बीबी का मकबऱ्याजवळच्या दुकानांतले फ्रिज मॅग्नेटही पाहावेत. मकबरा, पाणचक्की, वेरूळ-अजिंठा पाहणाऱ्या पर्यटकाला हलकी, स्वस्त आणि गावाचे नाव सांगणारी आठवण हवी असते. छापील चित्र, पुठ्ठा आणि मागे फेराइटची भुकटी मिसळलेली रबरी चुंबकपट्टी, एवढाच त्यात माल. असे काम कोणीही करू शकतो, म्हणून भाव पडतो.

आपल्या कारागिरांकडे मात्र हिमरू आहे: सुती ताणा, रेशमी बाणा. शालीच्या कापणीतले तुकडे छोट्या चौकटीत बसवून मागे चुंबक लावले, तर चिंधीलाही मोल येईल. चौकट जड असल्यास पट्टीऐवजी कडक चुंबकाची चकती लावावी. चुंबक लोखंडी पत्र्यावर धरते, ॲल्युमिनियमवर नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

मात्र बंधूंनो, यंत्रमागाचे कापड हातमागाचे हिमरू म्हणून विकू नये. त्यात चार पैसे सुटतील, पण खऱ्या विणकराची मजुरी बुडेल. व्यापारात इमान हीच पुंजी आहे.