अपुऱ्या दिवसांचे बाळ : चढउतारांचे पहिले वर्ष

घरात मूल जन्माला येणे हा आनंदाचा प्रसंग होय. परंतु बाळ दिवस पूर्ण होण्यापूर्वीच जन्मले, वजन जेमतेम दीड किलो भरले आणि त्याला आईजवळ न देता नवजात शिशू कक्षात न्यावे लागले, तर त्या आनंदाची जागा काळजी घेते. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक अपुऱ्या दिवसांचे आणि २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बालक कमी वजनाचे समजले जाते. योग्य उपचार व संगोपन लाभल्यास अशी अनेक बालके सुदृढ होतात. मात्र त्यांच्या प्रगतीची वाट सरळ नसते. ही गोष्ट आईवडिलांना आधीच समजावून सांगितली, तर त्यांचा धीर टिकतो आणि उपचारही अर्धवट राहत नाहीत.

एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे

या बालकांच्या त्वचेखाली चरबीचा थर अत्यंत पातळ असतो, त्यामुळे ती लवकर गार पडतात. दूध ओढणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारणपणे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोपर्यंत आईचे काढलेले दूध नळीने अथवा वाटी-चमच्याने द्यावे लागते. मेंदूतील श्वसनाचे केंद्र पुरेसे परिपक्व नसल्याने काहींचा श्वास मध्येच थांबतो. कावीळ व जंतुसंसर्ग यांचाही धोका अधिक असतो. म्हणूनच काल प्राणवायूची नळी काढलेल्या बाळाला आज ती पुन्हा लावावी लागते.

वजनाचेही तसेच आहे. पहिल्या काही दिवसांत वजन उतरते आणि जन्मवेळचे वजन पुन्हा गाठण्यास दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. ही घट पाहून 'आईचे दूध बाळाला मानवत नाही' असा समज करून घेतला जातो व वरचे दूध किंवा घुटी सुरू होते. हे अपायकारक आहे. चिकाचे दूध व त्यानंतरचे आईचे दूध हेच अशा बाळाचे संसर्गापासून मोठे संरक्षण होय.

आईच्या छातीची ऊब

१९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथे उबेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी लहान बाळांना आईच्या उघड्या छातीशी सतत बिलगवून ठेवण्याची पद्धत सुरू केली. 'कांगारू मातृसेवा' या नावाने ती जगभर मान्यता पावली. बाळाला केवळ टोपी, मोजे व लंगोट घालून दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावयाचे आणि वरून कापडाने बांधावयाचे, एवढीच तिची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसातून ८ ते २४ तास देण्याची शिफारस केली. आई थकली असता वडील अथवा आजीही बाळाला असे धरू शकतात. हतबल होऊन कक्षाबाहेर बसलेल्या पित्यालाही त्यामुळे बाळासाठी काही करता येते.

घरी आल्यानंतर

'बाळ घरी आले, म्हणजे संकट टळले' हा गैरसमज सर्वाधिक घातक ठरतो. याचे एक उदाहरण पुरेसे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून कायमचे अंधत्व येऊ शकते. हा दोष बाहेरून दिसत नाही. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकाची पडदा-तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावयास हवी. वेळेवर निदान झाल्यास उपचाराने दृष्टी वाचविता येते. बारशाच्या गडबडीत ही तारीख टळली, तर झालेली हानी बहुधा भरून येत नाही. श्रवणाची तपासणी आणि वेळच्या वेळी लसीकरण हीदेखील तितकीच आवश्यक होत.

बाळाच्या वाढीचे मोजमापही निराळे असते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की, त्याची प्रगती चार महिन्यांच्या बाळाप्रमाणे पाहावी. शेजारचे मूल पालथे पडू लागले आणि आपले पडत नाही, ही चिंता पुष्कळदा या हिशेबाने दूर होते. या हिशेबानेही बाळ मागे पडत असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत स्थापन झालेली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे याच कामासाठी आहेत.

बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, हातपाय गार लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली अथवा झटके आले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. दृष्ट काढण्यात रात्र घालवू नये.

गावाची साथ

घरोघरी जाऊन दिलेल्या सेवेचे महत्त्व गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देऊ लागल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांना मोफत उपचार व वाहनाची सोय दिली. २०१४ मध्ये ती एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली.

या सोयी घरापर्यंत पोहोचविणे हे गावाचे काम आहे. मजुरी बुडते म्हणून तपासणी टळत असेल, तर ग्रामपंचायत सदस्यांनी वाहनाची व्यवस्था पाहावी. शिक्षकांनी तपासणीचा कागद वाचून दाखवून पुढील तारीख घरच्यांच्या ध्यानात आणून द्यावी. बाळ लहान निपजले याचा दोष बाळंतिणीच्या माथी मारण्याची प्रवृत्ती आढळल्यास घरातील वडीलधाऱ्यांना समजावावे. आधीच झोपेवाचून व काळजीने खचलेल्या आईला अशा बोलण्याने अधिक खिन्नता येते आणि त्याचा परिणाम बाळाच्या दुधावरही होतो. तिला वेळेवर जेवण, विश्रांती आणि कामातून सुटका मिळणे हा बाळाच्या उपचाराचाच भाग होय.

वजन वाढलेल्या दिवशी काळजी सैल होऊ नये आणि वजन घटलेल्या दिवशी आशा सुटू नये, एवढे भान कुटुंबाने व गावाने राखले, तर अपुऱ्या दिवसांचे बाळ पुरेसे बळ घेऊन आपल्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकू शकेल.