कार्बन उत्सर्जन कपातीच्या उपायांचे खर्च-लाभ विश्लेषण : एलईडी दिवे व सौर वीज यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

सन २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी उपाय अनेक असले तरी निधी मर्यादित आहे. म्हणून एक टन कार्बन डायऑक्साइड टाळण्यास कोणता उपाय किती खर्चिक ठरतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात दोन उपायांच्या आधारे या तुलनेची पद्धत व तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

तुलनेची पद्धत :

उपायाच्या वाढीव खर्चातून होणारी बचत वजा करून त्या रकमेस टाळलेल्या उत्सर्जनाने भागले असता प्रतिटन खर्च मिळतो. उत्तर ऋण आल्यास तो उपाय उत्सर्जनासोबत पैसाही वाचवितो.

१) एलईडी दिवे : जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत ९ वॅटचा दिवा पुढे ७० रुपयांस मिळू लागला. ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी तो रोज चार तास वापरल्यास वर्षाला सुमारे ७४ युनिट वीज वाचते. विजेचा दर ५ रुपये व प्रतियुनिट उत्सर्जन ०.७ किलो धरल्यास ३७२ रुपये व ५२ किलो उत्सर्जन वाचते. दिव्याची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षावर टाकली तरी प्रतिटन सुमारे ५,८०० रुपयांचा लाभ होतो. मात्र घरात आधीच १४ वॅटचा सीएफएल असेल तर बचत केवळ ७ युनिटांची होते आणि पहिल्या वर्षाच्या हिशेबात तोच दिवा प्रतिटन सुमारे ६,५०० रुपये खर्चाचा ठरतो. म्हणजेच 'कशाच्या तुलनेत' हे ठरविल्याशिवाय आकड्यास अर्थ नाही.

२) सौर वीज : राष्ट्रीय सौर मोहिमेच्या २०१० मधील पहिल्या लिलावात सरासरी दर प्रतियुनिट सुमारे १२ रुपये होता, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील लिलावात तो १.९९ रुपयांवर आला. कोळशाची वीज ४ रुपये व तिचे उत्सर्जन प्रतियुनिट एक किलो धरल्यास, प्रतिटन ८,००० रुपयांचा खर्च दहा वर्षांत २,००० रुपयांच्या लाभात बदलला. येथे सायंकाळच्या मागणीसाठी लागणाऱ्या साठवणुकीचा खर्च धरलेला नाही. तो धरल्यास लाभ कमी होतो.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा ? :

प्रतिटन आकड्यात ही बाब दिसत नाही. कोळशावरील उपकर २०१० मध्ये प्रतिटन ५० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी असलेले हे उत्पन्न २०१७ नंतर राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर रद्द होऊन कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के झाला. दुसरीकडे, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात कोळशाचा वापर घटल्यास हवा सुधारेल. परंतु खाणी व औष्णिक केंद्रांवर अवलंबून असलेला रोजगारही तेथेच घटेल. लाभ देशभर विखुरतो, तर तोटा काही कुटुंबांवरच येतो.

निष्कर्ष :

प्रतिटन खर्च हा उपायांचा अग्रक्रम ठरविण्यास उपयुक्त आहे. परंतु तो बदलता असल्याने आज महाग वाटणारा उपाय कायमचा बाजूस सारणे योग्य नव्हे. तुलनेचा आधार उघड सांगणे आणि बाधित कामगारांचे पुनर्वसन हा उपायाच्या खर्चाचाच भाग मानणे आवश्यक आहे. अन्यथा कागदावर स्वस्त दिसणारी कपात समाजातील दुर्बल घटकांना महाग पडेल.