लहान मुलांतील जंत : उपचार आणि त्याच्या मर्यादा

मूल झोपेत दात खाऊ लागले, की त्याला जंत झाले असावेत आणि फार गोड खाल्ल्यानेच ते झाले असावेत, असे अनुमान आपल्याकडे घरोघरी काढले जाते. गोडाविषयीचे अनुमान तर निखालस चुकीचे आहे. साखरेपासून किंवा गुळापासून कृमी उत्पन्न होत नाहीत. कृमी हा एक प्राणी आहे. तो अंड्यातूनच जन्मतो आणि ते अंडे कोणा तरी मनुष्याच्या विष्ठेतूनच बाहेर आलेले असते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे जंतांवरील औषधाने काय साधते व काय साधत नाही, याचा उलगडा होऊ लागतो.

मातीतून येणारे कृमी

लहान मुलांच्या आतड्यात आढळणाऱ्या आणि मातीच्या द्वारे पसरणाऱ्या कृमींचे तीन प्रमुख प्रकार आहेत : गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. सामान्यतः ज्याला आपण जंत म्हणतो, तो गोलकृमी होय. त्याची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते आणि दररोज सुमारे २ लाख अंडी घालते. ही अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात, त्या वेळी ती संसर्ग करण्यास समर्थ नसतात. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते. नंतर मातीने माखलेल्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून ती मुलाच्या पोटात जातात.

तेथून या अळीचा विलक्षण प्रवास सुरू होतो. ती आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात व तेथून फुप्फुसांत जाते; मग श्वासनलिकेतून वर चढून घशात येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. १९२२ मध्ये कोइनो या जपानी संशोधकाने या जातीची २,००० अंडी स्वतः गिळली. काही दिवसांनी त्याला फुप्फुसदाह झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. मानवाच्या शरीरातील या मार्गाची साक्ष अशा रीतीने मिळाली.

अंकुशकृमीची तऱ्हा निराळी आहे. त्याची अळी मातीतच अंड्याबाहेर येते व अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. आतड्याला चिकटून हा कृमी रक्त शोषतो. असे शंभर कृमी असतील, तर त्यांच्या जातीनुसार दररोज सुमारे ३ ते २० घनसेंटिमीटर रक्त वाया जाते. अपुऱ्या आहारावर वाढणाऱ्या मुलाला ही हानी भरून काढता येत नाही आणि त्याला पांडुरोग होतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. रोगजंतूंची संख्या शरीरात वाढत जाते. या तीन कृमींची तशी वाढत नाही. मुलाच्या पोटात जेवढे कृमी असतील, तेवढे सर्व बाहेरूनच आलेले असतात. म्हणूनच थोडे कृमी असलेल्या मुलात बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही; उलट, पुष्कळ कृमी साठलेल्या मुलाची वाढ खुंटते आणि क्वचित गोलकृमींच्या गुंत्याने आतड्याचा मार्गच बंद होतो.

औषधाचे कार्य

अल्बेंडाझोल हे यावरील प्रमुख औषध १९७० नंतरच्या दशकात प्रथम जनावरांसाठी तयार झाले. कृमीच्या पेशींत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून अतिसूक्ष्म नलिका बनतात. हे औषध त्या प्रथिनाला चिकटते व नलिकांची जुळणी थांबवते. त्यामुळे कृमीला शर्करा शोषून घेता येत नाही आणि जवळची शक्ती संपून तो मरतो. मनुष्याच्या ट्युब्युलिनला हे औषध फारच कमी चिकटते. शिवाय आतड्यातून रक्तातही ते थोडेच जाते. मुलाला अपाय न होता कृमी मरतो, तो यामुळेच. क्वचित मळमळ किंवा पोटदुखी होते, ती बहुधा थोड्या वेळात थांबते.

एक ते दोन वर्षांच्या मुलास २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, आणि त्यापुढील वयात ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली जाते. तीन वर्षांखालील मुलास गोळी कुटून, पाण्यात कालवूनच द्यावी. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून गोळी तोंडात कोंबणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण ती श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतू शकते. मूल शांत होईपर्यंत थांबावे. ते आजारी असेल, तर गोळी मागाहून द्यावी.

एका मात्रेने गोलकृमी बहुतेक नष्ट होतात, अंकुशकृमीही बऱ्याच अंशी जातात. मात्र चाबूककृमी पुष्कळदा टिकून राहतात.

तपासणीविना सर्वांना औषध का?

सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेची तपासणी करून कृमींची अंडी ओळखता येतात. परंतु लक्षावधी मुलांची अशी तपासणी करण्यास जो खर्च येईल, त्यापुढे गोळीचा खर्च अगदी किरकोळ आहे. म्हणून जेथे २० टक्के किंवा अधिक मुलांत कृमी असतात, तेथे सर्वच मुलांना ठराविक काळाने औषध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भारतात १० फेब्रुवारी २०१५ रोजी पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात आला. अंगणवाड्या व शाळा यांच्या द्वारे १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना या कार्यक्रमात औषध दिले जाते.

उत्तर प्रदेशातील प्रयोग

अशा सामुदायिक उपचाराने मुलांची वाढ सुधारते काय? हे पाहण्यासाठी उत्तर प्रदेशातील ७२ विकासगटांत, अंगणवाड्यांच्या मदतीने, एक ते सहा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांवर एक प्रचंड प्रयोग करण्यात आला. निम्म्या विकासगटांत पाच वर्षे दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नमुन्यादाखल तपासलेल्या मुलांपैकी, औषध न दिलेल्या गटांत ३६ टक्के मुलांत कृमींची अंडी आढळली, तर औषध दिलेल्या गटांत १६ टक्के मुलांत आढळली. पण वजनात व मृत्यूंच्या प्रमाणात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

यावरून औषध निरुपयोगी ठरते, असे नाही. त्या मुलांतील बहुतेक संसर्ग सौम्य होता. आणि ज्याच्या पोटात कृमी नाहीत किंवा थोडेच आहेत, त्याला गोळीने विशेष लाभ होणार नाही, हे उघड आहे. अशा अनेक मुलांच्या सरासरीत, ज्याला खरोखर लाभ झाला ते मूल दिसेनासे होते. मात्र या प्रयोगाने एक भ्रम दूर केला : केवळ जंतांचे औषध देऊन कुपोषण हटत नाही. त्यासाठी अन्नच लागते.

मातीचा प्रश्न

औषधाने आतडे स्वच्छ होते. अंगणातील माती होत नाही. गोलकृमीचे अंडे मातीत काही वर्षेही जिवंत राहू शकते. त्यामुळे बरे झालेले मूल त्याच अंगणात खेळले, तर काही महिन्यांत त्याला पुन्हा कृमी होतात, आणि दर सहा महिन्यांनी गोळी द्यावी लागते, ती याचसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांत गोलकृमी होते. तेथे शाळाशाळांतून विष्ठेची तपासणी व उपचार होत राहिले आणि त्याच काळात शेतात मानवी विष्ठेचे खत घालण्याची प्रथाही मागे पडली. काही दशकांत तो रोग तेथे दुर्मीळ झाला.

तेव्हा मुलास वेळेवर गोळी द्यावी. पण त्याबरोबर शौचालयाचा वापर घरातील सर्वांनी करावा, लहान मुलाची विष्ठाही अंगणात न टाकता शौचालयातच टाकावी, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत, नखे कापावीत, भाजी धुऊन घ्यावी आणि पायांत पादत्राण असावे. जेथे शेजारची दहा घरे हे पाळतात, तेथे अकराव्या घरातील मुलालाही त्याचा लाभ मिळतो.