गुंजेपेक्षा लहान, डाइनएवढे!

बालमित्रांनो, ‘गुंजभर सोनं’ हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून नक्की ऐकला असेल. गुंज म्हणजे एका वेलीची लालचुटूक बी, डोक्यावर काळा ठिपका असलेली. (दिसायला गोड, पण विषारी बरं का! तोंडात घालायची नाही.) पूर्वी सोनार याच बिया पारड्यात टाकून सोनं तोलत. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. मग एक गुंज किती? साधारण १२१ मिलिग्रॅम!

आता जरा आपल्याच भागाकडे वळू. सांगली जिल्ह्यातलं खानापूर-विटा, आटपाडी आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं माण, खटाव हा पाऊस कमी पडणारा मुलूख. इथली कितीतरी माणसं सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे ‘गलाई’च्या धंद्यासाठी देशभरातल्या शहरांत जाऊन राहिली. जुने दागिने वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोनं परत द्यायचं. सगळा धंदा विश्वासावर आणि काट्यावर! हिशेबापुरते धरा, १० ग्रॅम सोन्याला १ लाख रुपये पडतात. मग १ मिलिग्रॅमचे झाले १० रुपये. दिवसभरात असे शंभर कण सांडले, तर हजार रुपये गेले की! थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

पण काटा नेमकं काय मोजतो? पृथ्वी त्या कणाला खाली ओढते, ते बल. लहान बल मोजायला शास्त्रज्ञांनी एक छोटं एकक केलं, डाइन. १ ग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला, सेकंदाला १ सेंटिमीटर इतका वाढवायला जेवढं बल लागतं, ते १ डाइन. पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९८० सेंटिमीटरने वाढतो. म्हणून १ ग्रॅमचं वजन ९८० डाइन आणि १ मिलिग्रॅमचं ०.९८ डाइन. लक्षात ठेवायला किती सोपं! १ डाइन म्हणजे जवळजवळ १ मिलिग्रॅमचं वजन. आजीची गुंज भरली ११९ डाइन.

आज शास्त्रात बलाचं मुख्य एकक न्यूटन आहे. त्याची लहान भावंडं अशी:

१ न्यूटन = १,००० मिलिन्यूटन
१ मिलिन्यूटन = १,००० मायक्रोन्यूटन
१ मायक्रोन्यूटन = १,००० नॅनोन्यूटन

आणि आपला डाइन? १ लाख डाइन म्हणजे १ न्यूटन. म्हणजेच:

१ मिलिन्यूटन = १०० डाइन
१ डाइन = १० मायक्रोन्यूटन = १०,००० नॅनोन्यूटन

इथे वर्गात मुलांचा हमखास गोंधळ उडतो. गुणायचं की भागायचं? एक युक्ती सांगतो. रुपयाचे पैसे करताना आकडा मोठा होतो ना? कारण पैसा लहान. तसंच इथेही. एकक लहान होत गेलं की आकडा वाढतो, तेव्हा गुणा. एकक मोठं झालं की आकडा घटतो, तेव्हा भागा. डाइनपेक्षा मायक्रोन्यूटन लहान, म्हणून ४ डाइनचे ४० मायक्रोन्यूटन. उलट भागलंत तर येतील ०.४, म्हणजे शंभरपट चूक! अशी चूक सोन्यात झाली, तर १० मिलिग्रॅमचा होईल १ ग्रॅम आणि १०० रुपयांचे होतील १० हजार. परीक्षेत एक गुण जाईल, पण धंद्यात पत जाईल.

बारीक काट्याभोवती काचेची पेटी का असते, हे आता कळलं? डाइन इतका लहान, की पंख्याचा वारा किंवा आपला श्वाससुद्धा पारडं दाबतो. आणखी एक गंमत. समुद्रसपाटीपासून जितकं उंच जावं, तितकी पृथ्वीची ओढ किंचित कमी होते. सांगलीत लावून घेतलेला बलावर चालणारा अतिबारीक काटा महाबळेश्वरला नेला, तर १०० ग्रॅमची लगड काही मिलिग्रॅम कमी दाखवेल. सोनं मात्र तेवढंच असतं! म्हणूनच जागा बदलली की प्रमाणित वजन ठेवून असा काटा पुन्हा जुळवावा लागतो.

आता तुमची पाळी. वही-पेन्सिल घ्या, आई-बाबांनाही सोबत बसवा.

१) ५ मिलिग्रॅम सोन्याच्या कणाचं वजन किती मायक्रोन्यूटन?
२) २,५०० मायक्रोन्यूटन म्हणजे किती डाइन? किती मिलिन्यूटन?
३) ०.३ डाइन म्हणजे किती नॅनोन्यूटन?

उत्तरं: १) ४९ २) २५० डाइन, २.५ मिलिन्यूटन ३) ३,०००

तिन्ही बरोबर आली? शाब्बास! मग तुमच्या हाती काटा द्यायला हरकत नाही.